दुसरं माप

...अं हं! आता एक अक्षर बोलायचं नाही. ट्रे वर चढवलाय, मटेरियल धरायला लागलंय, आता तोंड हललं की दातांचं माप गेलं. आणि काय हो, असलं काही विचारायची ही वेळ आहे? मी इकडे वाडग्यात गुलाबी लगदा घोटतेय, तो बघता बघता घट्ट होतो, एक हात वाडग्यात, एक हात तुमच्या गालावर — आणि तुम्ही खुर्चीत आडवे पडून म्हणता काय, 'डॉक्टर, माझ्याशी लग्न कराल का?' मला दुसरं काय सुचणार? कोंबला ट्रे तोंडात! हसू नका, हसलात की टाळ्यापासून सुटतं ते. नाकानं श्वास घ्या. लांब. असा. बाहेर रिसेप्शनवरच्या ताईंचं फोनवरचं बोलणं एकदम थांबलंय, लक्षात आलं? ऐकलं त्यांनी. आता तुम्ही जिना उतरायच्या आत बातमी खाली तुमच्या चष्म्याच्या दुकानात पोचलेली असेल, बघा.

आणि त्यातून आजच विचारलंत! आज संध्याकाळी 'लिफ्ट बंद आहे' मालिकेचा दुसरा भाग सुरू होतोय, हे ठाऊक असून. सकाळपासून माझं कामात लक्ष नाही — नाही नाही, डोळे मोठे करू नका, मापाला लक्ष नसलं तरी चालतं, सुई देताना मी भानावर असते. पण मला सांगा, कशाला काढायचा दुसरा भाग? कुणी मागितला होता? म्हणजे मीच मागितला होता, वाहिनीला तीन ईमेल पाठवले होते, ते सोडा. एवढीशी ती गोष्ट — लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, दर वेळी कुठेतरी लिफ्ट अडकते, आत दोन अनोळखी माणसं, आणि हा बाहेर बसून दारातून त्यांच्याशी गप्पा मारतो, ती घाबरू नयेत म्हणून. बस्स! आणि शेवटी एकदा तो स्वतःच अडकतो, आणि बाहेरून कुणीतरी म्हणतं, 'मी आहे इथे.' पुढे अंधार, नावांच्या पाट्या, संपलं. इतकं सुरेख संपलं ना हो, की मी आणि माझा नवरा तसेच बसून राहिलो होतो सोफ्यावर, रिमोट कुणी उचलेना. आता म्हणे ते 'कुणीतरी' कोण होतं ते दाखवणार. नका ना दाखवू! आमचं आम्ही ठरवलंय. त्याचं वेगळं ठरलं होतं, माझं वेगळं, त्यावरून भांडलोही होतो मनसोक्त.

आणि झलक बघितलीत ना तुम्ही? लिफ्टवाल्याचा पहिला नट वारला म्हणून बदललाय. तोच डगला, तीच शिट्टी, तसंच डोकं खाजवणं — आणि तोंड भलत्याचंच! ह्याला काय म्हणायचं? नवा माणूस आणायचा तर आणा, त्याला त्याचं काम द्या, त्याचा स्वभाव द्या. मेलेल्याचा डगला कशाला चढवता त्याच्या अंगावर? मालिकेवरच्या त्या व्हिडिओ गेमचंही तसंच केलं त्यांनी. पहिला किती छान होता, नवरा एक बटण दाबायचा, मी दुसरं, दोघांचं जुळलं तरच दार उघडायचं. दुसरा भाग आला आणि त्यात लिफ्टच नाही, सरकता जिना आहे! 'लिफ्ट बंद आहे' नावाच्या खेळात सरकता जिना! मी रागानं तो गेम नणंदेच्या घरी नेऊन टाकला. तिनं तीन दिवसांत संपवला आणि वर मला सांगते, 'वहिनी, जिना वाईट नाहीये हं.'

आमची नणंद म्हणजे तुम्ही परवा भेटलात ती, उंच, आवाज खणखणीत. तिचं काय झालं माहितीये का — त्या मालिकेत चौथ्या मजल्यावरची म्हातारी आठवते? सगळ्या भागांत मिळून एकच वाक्य होतं बिचारीला, 'दार लावून घ्या.' तिच्यावर वेगळी मालिका काढली त्यांनी, स्पिन-ऑफ. मी नाक मुरडलं, शपथ घेतली की बघणार नाही. आणि मग बघितली आणि रडून रडून उशी भिजवली, मूळ मालिकेपेक्षा भारी निघाली मेली! तशी आमची नणंद. नवरा होता तेव्हा ही फक्त समारंभाला यायची, 'वहिनी बऱ्या आहात ना' एवढं बोलून जायची. तो गेला, मला वाटलं आता हिचा माझा संबंध काय? तर ही रोज हजर. डबे काय आणते, भांडते काय, माझ्याच घरात माझ्यावर दरवाजे काय आपटते! मूळ मालिका संपली आणि हिची सुरू झाली, आणि खरं सांगते, हिच्यामुळे मी जगले. तर सांगायचं काय, पुढचा भाग म्हटलं की मी आधी चिडते आणि नंतर रात्र रात्र जागून बघते, हा माझा स्वभावच आहे, म्हणून मी काही बोलले तर त्याचा अर्थ लगेच — अहो! मान कशाला हलवलीत? 'हो' म्हणून हलवलीत की उबळ आली? गेलं. सरकला ट्रे. बघू... बघा, दाढेच्या जागी दोन दोन दाढा उमटल्यात.

नाही, बोलायचं नाही अजूनही! चूळ भरा. मी तोवर नवं कालवते. आणि हे 'अहो' साधं होतं हं, मी सगळ्या पेशंटांना 'अहो' म्हणते, परवा एका नऊ वर्षांच्या मुलालाही म्हटलं. उघडा. मोठं. जीभ मागे. हां, चढला.

खरं सांगू, माझ्या कामात पहिलं माप बिघडलं की मला वाईट वाटत नाही. पहिल्या वेळी माणूस घाबरलेला असतो, श्वास कुठून घ्यायचा ते कळत नाही. दुसऱ्या वेळी शिकलेला असतो. बघा, आता कसे शांत पडलाय! रात्री झोपेत एवढे दात का खाता हो तुम्ही? म्हणून तर दातांवर घालायचा हा गार्ड करावा लागतोय. एकट्या माणसाला एवढा राग कुणाचा येतो? तुमचा तर पहिलाच भाग सुरू व्हायचाय अजून, बोहल्यावर चढलाच नाहीत. तुम्हाला काय कळणार माझी भीती? माझा पहिला भाग चांगला होता हो. वाईट असता तर प्रश्नच नव्हता, आनंदानं दुसरा काढला असता. पण तो चांगला होता, नीट संपला नाही तरी चांगला होता, आणि मला वाटतं, मी पुढे काही जोडलं आणि ते फसलं तर मागचंही फिकं पडेल. आणि फसलं नाही, मागच्यापेक्षा बरं झालं, तर? ते तर आणखीच भयंकर! मग मी त्याला काय सांगू? आणि तरी आरशात बघून स्वतःशीच हसते, आणि चष्म्याचा स्क्रू ढिला करते आणि तुमच्या दुकानात —

अगबाई. 

बरं, आता निघालंच तोंडातून तर ऐका. चष्म्याचा स्क्रू आपोआप ढिला होत नव्हता. इथलंच बारीक हत्यार आहे माझ्याकडे, त्यानं करायचे. तुम्ही दर वेळी भिंगावर फुंकर मारून म्हणायचात, 'फ्रेमच हलकी आहे, डॉक्टर.' फ्रेम कसली हलकी! हलू नका, हसू नका, तिसरं माप घेणार नाही मी!

पण लग्नाचा विचार तेव्हा नव्हता. तो परवा आला. तुम्ही जुने भाग बघायला घरी आलात, नणंद स्वयंपाकघरात होती, मी सोफ्याच्या माझ्या कोपऱ्यात, आणि नवऱ्याचा कोपरा मोकळा. मी मनात म्हटलं, आता हा तिथे बसणार आणि मला रडू येणार. तुम्ही सोफ्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि विचारलंत, 'मी कुठे बसू?' मी उगाच उशी सारखी करत बसले. तर तुम्ही स्टूल ओढलंत आणि अख्खा वेळ त्या लाकडी स्टुलावर बसलात, पाठ धरली तुमची, मला दिसत होतं. कुणाचा डगला घातला नाहीत तुम्ही. मग तुम्ही गेल्यावर मी रडले, पण ते वेगळं रडणं होतं.

हं, बसलं वाटतं मटेरियल. सैल सोडा जबडा... आलं. वा! बघा, अगदी शेवटच्या दाढेपर्यंत, एक बुडबुडा नाही. असं माप महिन्यातून एखादंच निघतं.

श्श. अजून नाही. हनुवटीला गुलाबी लागलंय, थांबा, पुसू द्या. संध्याकाळी या. मालिका वाईटच असणार, नव्या नटाला शिव्या घालायला माणूस हवं. आणि स्टुलावर बसायचं नाही. सोफ्यावर माझा कोपरा आहे ना, तो तुम्ही घ्या. त्याच्या कोपऱ्यात मी सरकते.

हो, हेच उत्तर. आता चूळ भरा. ताई, दाराला कान लावून झाला असेल तर पुढच्यांना आत पाठवा!