बैलगाडीचा नंबर

"ताई, तुमचं अ‍ॅप कधी तोंडावर आपटलं का?"

अमरावतीच्या सॉफ्टवेअर संमेलनात संध्याकाळी जेवणाला, गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांसाठी रांग लागली होती. मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून पुढे उभ्या अकोटच्या दामिनीताईंना मी हे विचारलंच. त्या वळल्या मात्र आयोजक कुंदाताईंकडे.

"पाहा, पोरीले बी कळलं! उद्याच्या भाषणातून माह्यं नाव काढा."

"काहून वं?"

"जिनिंगवर कापूस घेऊन येणाऱ्या गाड्यायच्या रांगेचं अ‍ॅप केलं, अन् गाडीचा नंबर सक्तीचा ठेवला. बैलगाडीले कुठून आणतीन नंबर?"

"मंग लोकायनं काय भरलं?"

"बैलायची नावं! भोंग्यावर पुकारा, 'ढवळ्या-मोऱ्या, वजनकाट्यावर या!'"

"अन् आले?"

"बरोबर आले. रांगेत एक भांडण नाही. आता नावंच ठेवली."

"बाप्पा! मंग उद्या हेच सांग, अस्संच, आपल्या बोलीत."

"लोक हासतीन."

"हासू दे. ही पोरगी बी हासली, पण रोडगे सोडून ऐकून राहिली."

"बरं, ठेवा नाव."

घरी चप्पल काढायच्या आधीच मी सांगून टाकलं, "आई, बाबा, उद्या दामिनीताईनंतर मी बी बोलणार! नाव देऊन आली. माह्या हजेरीच्या अ‍ॅपनं हेडसरले वर्षभर गैरहजर दाखवलं, तेच सांगीन."