रॉटरडॅमचं निपाणीतलं नाक

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या गावातले तंबाखूचे जुने व्यापारी नागोजीराव. मे महिन्याच्या उकाड्यात कोट न काढता बसलेले हॉलंडचे पाहुणे डेकर साहेब. त्यांच्या कानाशी बसून माझ्या मराठीचं इंग्रजी करणारे बेळगावचे प्राध्यापक महाशय. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती परशराम अण्णा चौगुले. समोर पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी तानीआक्का. आणि वाचनालयाच्या पंख्याखाली जागा मिळालेले व न मिळालेले सर्व बंधुभगिनी,

मी अण्णांची शेजारीण. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, ते मी पाहिलं. पण माझं प्रत्येक वाक्य प्राध्यापक महाशय पुन्हा बोलणार. तेव्हा निम्मा वेळ त्यांच्या नावावर टाकावा, अशी विनंती.

मंडळी, आपण कुठल्या राज्यात असावं यावर आपल्या गावात तीस वर्षं सभा भरताहेत. पण कुठल्या देशात नोकरी करावी, यावर कधी सभा झाली का? अण्णांनी तो प्रश्न एकट्यानं सोडवला. १९७२ पासून राहायला निपाणीत आणि नोकरीला रॉटरडॅमच्या कंपनीत.

काम तसं सोपं. हंगामात गावातल्या वखारी फिरायच्या, तंबाखूची पानं निवडायची, वास घ्यायचा, आणि कुठला माल कसा आहे, अजून किती मुरायचाय, ते नमुन्यासकट पत्रानं कळवायचं. त्या पत्रावर तिकडे ठरायचं की कुठला माल घ्यायचा आणि त्याची तपकीर करायची. इथून कोल्हापूरला दोन किलो पान न्यायचं म्हटलं तर कोगनोळीच्या नाक्यावर गाडी थांबते, पिशवी उघडते, शिपाई खोदून विचारतो. अण्णांची पुडकी मात्र पोस्टातून सरळ हॉलंडला. आपल्याला कोल्हापूर लांब आणि अण्णांना रॉटरडॅम जवळ, असं बरीच वर्षं चाललं.

सुट्ट्याही तिकडच्या. तीस एप्रिलला त्यांच्या राणीचा वाढदिवस. त्या दिवशी अण्णा इस्त्रीचा सदरा घालून दारात खुर्ची टाकून बसत. कुणी विचारलं, "अण्णा, आज कामाला न्हाय?" तर म्हणत, "आज आमच्याकडं सुट्टी हाय." आमच्याकडं म्हणजे कुठं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

यंदा अण्णांना साठ पूर्ण झाली. कंपनीचं पत्र आलं, की नियमाप्रमाणे आपण निवृत्त होत आहात. निवृत्तिवेतन मिळेल. श्री. डेकर स्वतः येऊन आपला सत्कार करतील. आणि कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी मिळून आपल्याला निरोप द्यावा.

आता आली पंचाईत. कार्यालय म्हणजे अण्णांच्या घराची मधली खोली. सहकारी कोण? हा प्रश्न घेऊन ते माझ्याकडे आले, आणि मी जे उत्तर दिलं त्यामुळे आज मी या माईकपुढे उभी आहे. सहकारी दोनच होते. एक मी. दुसरं कोण, ते सांगण्यासाठीच मी पाच मिनिटं मागून घेतली आहेत.

त्या पत्रात शेवटी आणखी एक ओळ होती. श्री. चौगुले यांच्यासारखं नाक पुन्हा मिळणं शक्य नसल्यानं निपाणीचं काम आता बंद करण्यात येत आहे.

ती ओळ मी तानीआक्कांना मराठीत वाचून दाखवली. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "बाई, कुणाचं नाक रिटायर व्हतंय म्हनं?"

मी म्हटलं, "अण्णांचं."

"त्येंचं तर चौऱ्याहत्तर सालीच झालंय की."

प्राध्यापक महाशय, आपण थांबलात. हे वाक्यही सांगायचंय. सांगा, मी थांबते.

चौऱ्याहत्तरच्या थंडीत अण्णांना मोठा ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. घरात कुणाला कळलं नाही. अण्णांनी सांगितलं नाही, पुरुष असं सांगत नाहीत. एकदा ते चुलीपाशी पेपर वाचत बसले होते आणि शेजारी दूध करपून कोळसा झालं. आक्का अंगणातून धावत आल्या. अण्णा पान उलटून पुढची बातमी वाचत होते. आक्कांनी रॉकेलची बाटली त्यांच्या नाकाखाली धरली आणि विचारलं, "ह्ये काय हाय?" अण्णा म्हणाले, "चमेलीचं तेल."

हसा, हरकत नाही. त्या दिवशी त्या घरात मात्र कुणी हसलं नाही. मधल्या खोलीत रॉटरडॅमला पाठवायची बावीस पुडकी पडली होती. अण्णा त्यांच्यासमोर बसून होते. आक्का दहाव्या वर्षापासून लग्नापर्यंत वखारीत पान निवडायला जात होत्या. त्यांनी एक पुडकं उचललं, उघडलं, आतलं पान नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, "ल्हिवा."

अण्णांचं इंग्रजी चार ठरलेल्या वाक्यांपुरतं, आक्कांचं बोलणं त्यात मावेना, म्हणून मला बोलावलं. असं आमचं कार्यालय सुरू झालं. सही अण्णांची, टाइप माझं, नाक आक्कांचं.

पहिल्याच पुडक्याला आक्का म्हणाल्या, "ह्ये पान रुसलंय." मी विचारलं, आक्का, इंग्रजीत काय लिहू? त्या म्हणाल्या, "तिकडं काय कोण रुसत न्हाय व्हय?" मी लिहिलं, हे पान रुसलेलं आहे. महिन्यानं रॉटरडॅमचं उत्तर आलं, अगदी गंभीर: किती आठवडे रुसून राहील, ते कृपया कळवावं. आक्कांनी पुन्हा वास घेतला आणि म्हणाल्या, "वैशाखापत्तूर." आम्ही मे महिना कळवला. त्यांनी तो माल मेपर्यंत ठेवला. जूनमध्ये पत्र आलं की रुसवा गेला, आभारी आहोत.

डेकर साहेब हसताहेत. म्हणजे ते पत्र त्यांच्या आठवणीत आहे.

आणखी एकदा आक्का म्हणाल्या, ह्या पानाला माहेराहून आलेल्या पेटीचा वास आहे. तिकडून विचारणा झाली की पेटीत काय असतं. मी बसून दीड पान लिहिलं. कापूर, कडुलिंबाचा वाळलेला पाला, एकदाच नेसलेलं लुगडं, कागदात गुंडाळलेली हळद. लिहिताना लक्षात आलं, की मी आक्कांची नाही, माझ्या आईची पेटी लिहितेय. ती जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि मी पेटी उघडली नव्हती. ते पत्र पोस्टात टाकून आले आणि घरी जाऊन उघडली. अध्यक्ष महाराज, हे विषय सोडून झालं, मला ठाऊक आहे. पण माणूस चौदा वर्षं दुसऱ्याच्या नाकानं लिहीत असला की कधी तरी स्वतःचं काही आत शिरतंच.

तर मुद्दा असा. अण्णा साठीचे झाले, आक्का एकोणपन्नासच्या आहेत. त्यांना हे काम हवंय. पैशासाठी नाही असं मी म्हणणार नाही, पैसे कुणाला नको असतात. पण त्या मला म्हणाल्या, "बाई, सकाळी उठून पान नाकाशी धरलं की मला कळतंय मी कोन हाय ते. त्ये बंद झालं तर भाकरी थापायला काय, कोनबी हाय." हे ऐकून मी गप्प बसायचं का?

अण्णांचं मात्र धाबं दणाणलं होतं. चौदा वर्षांची फसवणूक उघड झाली तर निवृत्तिवेतन जाईल, ही भीती. आठ दिवस त्यांनी मला ओळख दाखवली नाही. आज सकाळी कुंपणापाशी आले आणि म्हणाले, "बाई, सांगा तुमी. तिचं हाय ते तिला मिळू दे. फकस्त मी पानी प्यायला भाईर गेलो की सांगा." अण्णा, तुम्ही बाहेर गेला नाहीत. बसून राहिलात. त्याबद्दल मी आपला सर्वांसमक्ष आदर करते.

डेकर साहेब, आपल्याला शंका येणं साहजिक आहे. मघाशी आपल्या भाषणात आपण यंदाच्या नऊ मार्चच्या पत्राचं कौतुक केलंत. चौगुल्यांनी वखारीत हात लावून, वास घेऊन लिहिलेलं सर्वोत्तम पत्र, असं म्हणालात. सभेला मी एकच विचारते. नऊ मार्चला अण्णा कुठं होते? मिरजेला, दवाखान्यात. हर्नियाचं ऑपरेशन. अकरा दिवस. पत्रावर सही तेवढी मी तिथं जाऊन घेतली. या सभागृहातली निम्मी माणसं त्यांना भेटून आलीत. अध्यक्ष महाराज, आपण स्वतः मोसंबी घेऊन गेला होता. हात वर करा बघू, मिरजेला गेलेल्यांनी.

बघा साहेब. मोजा हवं तर.

साहेब काही विचारताहेत. प्राध्यापक महाशय, जरा मोठ्यानं.

मागे ऐकू गेलं नसेल म्हणून सांगते. साहेब म्हणतात, चौदा वर्षांतली पत्रं बरोबर होती. घरात नाक कुणी चालवलं, हा कंपनीचा प्रश्न नाही. अण्णांच्या निवृत्तिवेतनाला धक्का लागणार नाही. अण्णा, आता तरी पाणी प्या.

आणि काम? हो, तेही सांगताहेत. पावसाआधीचं शेवटचं पत्र अजून यायचंय. ते ज्यांचं नाक त्यांच्याच सहीनं पाठवावं. निपाणीचं काम पुढं चालू राहावं म्हणून रॉटरडॅमशी भांडायचं, ते साहेबांकडे. विचारताहेत, बाईंना हे मान्य आहे का.

आक्का, तुम्हालाच विचारताहेत. बसूनच बोला.

आक्का म्हणाल्या, "मान्य हाय. पर दोन गोष्टी. माजं नाव पुरं ल्हिवायचं. आन् पोष्टात जायाचं काम ह्येंच्याकडंच ठेवायचं. दिवसभर घरात बसलं तर मला वासबी घिऊ देनार न्हाईत."

साहेबांनी मान डोलावली. प्राध्यापक महाशय, आपण दुसरी अट नीट सांगितलीत ना? अण्णा हसताहेत, म्हणजे त्यांना तरी कळली.

आता अध्यक्षांनी घड्याळ उचललंय. आपण सारे कामधंदा सोडून अण्णांना निरोप द्यायला आलात, आणि ते उद्या दहाला पोस्टाच्या रांगेत उभे दिसतील. आमंत्रण देऊन फसवल्याबद्दल मी दिलगीर आहे. सभागृह देणाऱ्या वाचनालयाचे, मिरजेची साक्ष देणाऱ्या गावकऱ्यांचे आणि आज सर्वांत जास्त घाम गाळलेल्या प्राध्यापक महाशयांचे आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते सभेनं पोटात घालावं. चौदा वर्षांत जे झालं, ते डेकर साहेबांनी.

आक्का, वर या. अध्यक्ष सरकून बसताहेत. आणि साहेबांना पेन काढायला सांगा, प्राध्यापक महाशय. नाव लिहून घ्या म्हणावं: तानीबाई परशराम चौगुले.