बेबी, आगबोट बंद करू नकोस

हॅलो?... हॅलो, कोण?... अगं बेबी, तू होय! थांब, रेडिओ बंद करते... हं, बोल.

बरी आहे... गुडघा ना? जागेवर आहे. दुखतोय म्हणजे आहेच... हो, हो, जेवले. तू सांग. काहीतरी सांगायला फोन केलायस, आवाजावरून कळतंय मला. माझं लग्न झालं तेव्हापासून ओळखते तुला, तेव्हा दोन वेण्या होत्या तुझ्या... आता नाहीत, माहितीये.

आनंदाची बातमी?... हं... हं... आगबोट बारला जागा सोडायला सांगितलीस.

नाही गं, ऐकतेय. गप्प कुठे आहे? ऐकतेय म्हणूनच गप्प आहे... हो... तळमजला दातांच्या डॉक्टरला... चांगला माणूस आहे, हो, का नसेल?... उद्या सकाळी सही.

कोणासाठी?... माझ्यासाठी केलंस.

अगं म्हणत होते ना मी! नाही कुठे म्हणतेय? चाळीस वर्षं म्हणत होते. मामंजी होते तेव्हा त्यांच्या मागे लागले होते, तुमच्या इमारतीत खाली बार कशाला हवा, काढा त्या माणसाला. ते हसायचे. म्हणायचे, "सूनबाई, नवरा रोज कुठे असतो ते तरी कळतं ना?" पुढे इमारत तुझ्या वाट्याला आली, मग तुझं डोकं खाल्लं... सवत! हो, सवतच म्हणायची मी तिला. गोल खिडक्यांची सवत... हसतेयस काय? मीही हसतेय म्हणा.

पण बेबी, ऐक ना... अगं ऐक. देऊ नकोस.

देऊ नकोस म्हटलं. त्या दातवाल्याला... नाही, बरं नाही असं काही नाही... गोळी नाही घेतली कसली. पूर्ण शुद्धीत आहे.

सांगते. सांगते ना, मधे बोलू नकोस... मला कालच कळलं. आगबोटीच्या मालकानं सांगितलं... त्यानं नाही केला फोन. मी केला होता.

कशाला म्हणजे... सवयीनं. तुला माहितीये ना, भाजी गॅसवरून उतरवली की मी फोन लावायची. "आहेत का हे?" की मालक म्हणायचा, "आत्ताच निघाले वहिनी, कोपऱ्यावर पोचले असतील." आणि मागून ह्यांचा खोकला ऐकू यायचा! चाळीस वर्षं तो माणूस माझ्याशी खोटं बोलला, आणि एकदासुद्धा आवाज चढवला नाही. मी किती तोंडसुख घेतलं असेल त्याच्यावर...

हे गेल्यावरची गोष्ट. पाहुणे आपापल्या घरी गेले होते. तूही गेलीस... तक्रार नाही करत गं, तुझा संसार आहे. तर भाजी उतरवली आणि हात गेला फोनवर. त्यानं उचलला. मी म्हटलं, "आहेत का हे?"

म्हणून गेले बेबी. तोंडातून गेल्यावर कळलं.

पलीकडे ग्लासांचा आवाज होता, तो थांबला. मग म्हणाला, "वहिनी, तुम्ही जेवून घ्या." बास. एवढंच.

...

हो. जेवले मग.

तेव्हापासून करते अधूनमधून... दोन वर्षं, हो... काय बोलणार? तो विचारतो, "जेवलात?" मी म्हणते, "बसतेच आहे." की ठेवला फोन. तुला नाही सांगितलं, पोरालाही नाही. पोरगं म्हणालं असतं, आई भ्रमिष्ट झाली.

तर काल केला. तर म्हणाला, "वहिनी, महिनाअखेरीपासून हा नंबर लागायचा नाही." मी म्हटलं का? म्हणाला, घरमालकीणबाईंना जागा हवीय... नाही गं, तुझ्याबद्दल वाकडा शब्द नाही. म्हणाला, त्यांची जागा, त्यांचा हक्क, माझेही पाय आता थकले. मी तुझी कोण लागते हे काय त्याला माहीत नाही? पण "जरा सांगून बघा" असंसुद्धा म्हणाला नाही.

मग मी चपला घातल्या आणि गेले.

आत... हो, आत! आगबोटीत... मी!... अगं ओरडतेस काय, कान फुटला माझा. हो, मीच. लग्न झाल्यापासून त्या दारावरून तोंड फिरवून जाणारी मी.

कसलं आहे म्हणजे, तुझंच आहे ना ते? तू बघितलं नाहीस कधी?... आपल्या घरातल्या बायकांनी जायचं नाही, हो ना, आणि मामंजी वरच राहायचे! बोळासारखं आहे गं. लांबट, अरुंद, एका अंगाला बाकं. बाकांचं लाकूड बसून बसून असं गुळगुळीत झालंय, साडी घसरते. मला वाटलं आत शिरल्या शिरल्या भपकारा येईल. कसला वास आला सांगू? लादी पुसायच्या साबणाचा. आणि आतून कांदा परतल्याचा. आपल्या घरासारखाच, मेला.

आणि माणसं तरी किती? चार टाळकी. पोहायला शिकवायचे ते मास्तर, कोपऱ्यावरच्या सलूनचा मालक, ज्याच्या स्वतःच्या डोक्यावर एक केस नाही... हां, तोच. मालक काउंटरच्या मागे. मी दार ढकललं तर पुरुष सगळे उठून उभे राहिले! शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारखे. आणि मास्तरांनी ग्लास खाली ठेवला आणि घाबऱ्याघुबऱ्या विचारलं, "वहिनी... जेवणाची वेळ झाली का?"

हस, हस... तेही हसले. मीही हसले. आणि मग कोणाला काय करावं कळेना. सलूनवाला टेबल पुसायला लागला, स्वच्छ होतं तरी.

ह्यांची जागा? विचारली ना मी. खिडकीजवळची. मला वाटलं, रिकामी ठेवली असेल, हार घातलेला फोटो असेल... काही नाही! एक नर्स बसली होती तिथे. पोरगीच आहे गं, ड्युटी संपवून आलेली, बूट काढून पाय बाकावर घेऊन सूप पीत होती. मालक तिला उठवायला निघाला. मी म्हटलं, हात लावायचा नाही तिला. बसू दे. बरं वाटलं मला, खरं सांगते. जागा वापरात आहे म्हणून.

तिच्याशीच बोलत बसले. या गावात तिचं कोणी नाही. म्हणाली, "खोलीवर गेलं की भिंतींशी बोलावं लागतं. इथे निदान मास्तर चूक इंग्रजी बोलतात, ती सुधारता येते."

अगं थांब, त्यावरच येतेय... दारू? दारूचंच विचारलं मी मालकाला. म्हटलं, आता तरी खरं सांगा, किती प्यायचे? तर म्हणाला, एक ग्लास बीअर. डॉक्टरांनी सांगितल्यापासून तीही नाही, लिंबू-सोडा... हो! शेवटची सात-आठ वर्षं तुझा दादा लिंबू-सोडा प्यायचा आणि मी घरी तोंडाचा वास घेत बसायची!

मी म्हटलं, मग करायचे काय इतका वेळ? तर मास्तर म्हणाले, "बोलायचा."

बेबी, मला राग आला. खोटं कशाला सांगू? घरी या माणसाच्या तोंडातून शब्द काढायचा तर पक्कड लागायची. मी म्हटलं, बोलायचे? कशाबद्दल बोलायचे? तर सलूनवाला म्हणतो, "लिफ्टबद्दल."

लिफ्टबद्दल! दिवसभर लिफ्ट दुरुस्त करायची आणि संध्याकाळी लिफ्टबद्दल बोलायचं! कुठल्या इमारतीतली कुरकुरते, कुठली तिसऱ्या मजल्यावर रुसते, कोण अडकलं, अडकलेलं माणूस आतून काय बोलत होतं... आणि हे लोक ऐकत होते! सगळ्यांना पाठ आहे. मास्तरांनी मला सांगितलं, वीज गेली तर वरच्या खोलीत जाऊन चाक हातानं कसं फिरवतात. पोहायचे मास्तर!

मी ऐकलं असतं का गं? पाच मिनिटं ऐकलं असतं आणि म्हटलं असतं, ती भाजी चिरून द्या आधी... नाही, रडत नाहीये. सर्दी आहे.

काय?... बेबी, असं नको म्हणू. "त्या जागेनं दादाला खाल्लं" काय? दादाला त्याच्या हृदयानं खाल्लं, आणि ते तुमच्या घराण्याचं आहे. मामंजी तसेच गेले, तुझे काका तसेच गेले. काकांनी तर आयुष्यात चहासुद्धा प्यायला नाही.

...

माहितीये मला. त्या शेवटच्या संध्याकाळी तू फोन केला होतास आणि ते घरी नव्हते. तिथे होते. माहितीये... मी दिला होता निरोप. आल्या आल्या दिला. म्हणाले, "आता उशीर झाला, झोपली असेल. उद्या निवांत करतो." ... हो. उद्या.

त्यात आगबोटीचा काय दोष, सांग? निरोप माझ्याकडे होता, मी त्याच वेळी नंबर लावून हातात फोन द्यायचा होता. मग मलाही काढ घराबाहेर... नाही ना? मग?

ऐक. आता एक विचारते, खरं सांगायचं. तू लहानपणी लिफ्टमध्ये अडकली होतीस का? त्याच इमारतीत, मामंजींच्या... लाकडी दाराची होती म्हणे तेव्हा...

आठवतंय ना?

किती वर्षांची होतीस?... सहा. मास्तर म्हणाले पाच. बरं, सहा. मला काही माहीत नव्हतं बेबी. तू बोलली नाहीस, हे तर नाहीच नाही. मला काल कळलं, पोहायच्या मास्तरांकडून!

तर त्यांना ह्यांनी सांगितलं होतं. एकदा नाही, दरवर्षी कोणी नवीन माणूस आलं की सांगायचे. दोन मजल्यांच्या मधे अडकली होती, दिवा गेला होता, मेकॅनिक गावाच्या दुसऱ्या टोकाला, यायला तासभर लागला. आणि हे जिन्यात पालथे पडून फटीला तोंड लावून तुझ्याशी बोलत होते... काय बोलत होते?... मांजरीच्या पिल्लांची नावं! सगळी?... आणि तू आतून म्हणायचीस, हे नको, दुसरं सांग... अगं बाई.

तो मेकॅनिक आला, त्यानं वर जाऊन चाक फिरवलं आणि तू खाली आलीस. हे सोळा वर्षांचे. म्हणे त्याच दिवशी ठरवलं, हेच काम करायचं. मामंजींना बँकेत चिकटवायचं होतं ना त्यांना? आठवतंय ना केवढं महाभारत झालं होतं? कारण घरात कोणाला सांगितलंच नाही. आगबोटीत सांगितलं.

...

बेबी?... आहेस ना?

रड. रड गं. मी आहे इथे.

...

हं... हं... नाही, तुला कशाला सांगतील? पुरुष आहेत ना ते. बहिणीला तोंडावर सांगायचं म्हणजे काय जीभ झडली असती. त्याला एक बाक लागतं, समोर कोणीतरी परकं लागतं, आणि हातात एक ग्लास. त्यात लिंबू-सोडा असला तरी चालतो.

म्हणून म्हणते, देऊ नकोस. दातांचे डॉक्टर काय, पलीकडच्या रस्त्यावरही जागा शोधतील. दात तिथेही दुखतात... मालकाचे पाय थकलेत, हो, ते खरंय. त्याची सून आहे ना, ती बघते म्हणतेय. तो कांदा तीच परतत होती. मालकाला वाटतं पोरीच्या जातीला झेपेल का. मी म्हटलं, अहो, तुम्ही जितकी वर्षं काउंटरमागे उभे आहात तितकी वर्षं मी एका फोनवर अख्खी आगबोट हलवत होते, आणि तुम्ही झेपण्याचं विचारता?

...

काय म्हणालीस?... पुन्हा म्हण... सहीला जात नाहीस.

नक्की?... माझ्या गळ्याची शपथ वगैरे नको, नुसतं हो म्हण... हं. बरं. बरं झालं... अटी? घाल ना, तुझी इमारत आहे. जिन्याला रंग द्यायला लाव, बाहेरचा दिवा दुरुस्त करायला लाव, मी स्वतः सांगते त्याला... हो, आणि मास्तरांनी गाणं म्हणायचं नाही. त्या अटीवर तर सगळेच आनंदानं सही करतील.

नाही, मी नाही सांगणार मालकाला. तू सांग... लाजतेस काय, साठी उलटली तुझी! बरं, मग असं कर ना, समोर जाऊन सांग. शनिवारी ये इकडे, दुपारच्या गाडीनं. दोघी जाऊ.

मी आता?... आता निघालेय म्हणून तर घाईत आहे... कुठे म्हणजे काय? तिथेच. ती नर्स यायची आहे. ब्लाउजला हूक लावून देते म्हटलंय तिला... नाही, काल बीअर घेतली. अर्धा ग्लास. कडू जहर. संपवली म्हणा, टाकायची कशाला?... जेवण तिथेच, हो. भाजी केलीच नाही आज.

काय नेसायचं?... काहीही नेस गं, लग्नाला जातेयस का? आणि मी पुढे गेलेली असले तर बाहेर उभी राहू नकोस, तिथे बेल नाही, कोणी "या" म्हणायला येत नाही. दार जरा जड आहे. खांदा लाव आणि ढकल.

हो... हो गं... ठेवते. ये मग.