नायट्रोजनला वजन असतं म्हणे

...मग मी काय एवढं वाईट बोलले, तुम्हीच सांगा. लेक महिन्याभराचं बाळ घेऊन माहेरी यायची होती, बाळ वरच्या दुधावर, आणि नर्सबाई म्हणाल्या, पावडरीत विहिरीचं पाणी घालण्याआधी तपासून घ्या. तपासलं, तर नायट्रेट चालतं त्याच्या दुप्पट! नर्सबाईंनी बजावलं, "हे बाळाला द्यायचं नाही, ओठ निळे पडतात." मी म्हटलं, उकळते की, चांगलं अर्धा तास उकळते. तर म्हणाल्या, "उकळून पाणी उडतं हो, नायट्रेट तिथंच बसतं. उलट दाट होतं." म्हणजे इतकी वर्षं मी घरादाराला काळजीनं आटवून आटवून पाजत होते ते हेच...

आता हे आलं कुठून? मला विचाराल तर उत्तर तयार होतं. वरच्या अंगाला धाकट्या जावेचं शेत, तिथं पोतीच्या पोती खत पडतं आणि उतार सगळा आमच्याकडे. पण कुणी विचारेपर्यंत गप्प बसेल ती मी कसली? गेले बांधावर. म्हटलं, "अगं, तुझं खत माझ्या नातवाच्या बाटलीत उतरतंय." ती कणसं मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई, तपासून घ्या ना." मला वाटलं, घाबरली.

मग पाणी तपासणाऱ्या बाई आल्या. ओढ्याचं पाणी, जावेच्या विहिरीचं, आमच्या विहिरीचं, अशा बाटल्या भरत निघाल्या, आणि मी त्यांची बर्फाची पेटी उचलून मागे, जशी काही चोर धरायलाच निघालेय. वाटेत बाईंनी विचारलं, "तुम्ही कुठलं खत घालता?" एवढं विचारल्यावर गप्प बसेल ती मी कसली? नेलं त्यांना विहिरीच्या काठाशी, आमच्या शेणखताच्या खड्ड्यावर. म्हटलं, "आठ जनावरं आहेत, पोत्यातला एक दाणा शेतात पडत नाही. इथं सावली असते, पाणी मारायला विहीर हाताशी... बघा तरी, कसं लोण्यासारखं कुजलंय." मागे आमचे हे खोकले. मला वाटलं, धूळ गेली. खड्ड्याच्या बुडाशी काळं पाणी पाझरत होतं, बाईंनी त्याचीही बाटली भरली. बाटली कुणी धरली होती? मीच.

निकाल घेऊन बाई आल्या, तेव्हा जावेला मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. समोरासमोर होऊन जाऊ दे म्हटलं. बाई समजावून सांगायला लागल्या. नायट्रेटमधल्या नायट्रोजनला म्हणे वजन असतं. पोत्यातल्या खताचा हलका, शेणाचा जड. ओढ्यात सापडला तो हलका, तोही थोडाच. जावेची विहीर पिण्याजोगी. आणि आमच्या विहिरीतला...

"जड," बाई म्हणाल्या.

"किती जड?" मी विचारलं. म्हणजे बघा, तेव्हासुद्धा.

"त्या खड्ड्यातल्या पाण्याइतका. पाऊस पडला की सगळं खाली मुरतं, आणि शेजारी विहीर. खड्डा आधी लांब हलवा, तळाला फरशी घाला. मग विहीर हळूहळू निवळेल, पण वेळ लागेल."

हे म्हणाले, "तरी मी खोकलो होतो." आता मला सांगा, खोकल्याचा अर्थ कुणी कसा लावायचा?

पण लेक तर दोन दिवसांवर आली. बाळाला पाणी हवं, आणि जवळ चांगली विहीर एकच, जावेची. कळशी घेऊन गेले. दारात उभी राहिले. जावेनंच कळशी हातातून घेतली, भरली. म्हणाली, "न्या ताई, रोज न्या. बाळ काय माझं कुणी नाही? फक्त येताना रिकाम्या हातानं येऊ नका. घमेलंभर खत घेऊन या. लोण्यासारखं आहे म्हणे."

तेव्हापासून रोज सकाळी जाताना डोक्यावर घमेलं, येताना कमरेवर कळशी. खड्डा हलतोय, नातू बाळसं धरतोय. आणि जावेचं शेत असं काही हिरवंगार झालंय की येणारे जाणारे थांबून विचारतात, खत कुठलं?

ती म्हणते, "घरपोच येतं."