रांगोळीतली रिकामी घरं

माझं माहेर चुडाव्याकडलं, रेल्वेच्या रुळाला लागून, आन् सासर गंगाखेडाच्या खालतं, गोदावरीच्या काठाला. लगीन झालं तवा मला वाटायचं, आख्ख्या बौद्धवाड्यात माझ्यासारखी रांगोळी कुनाला येतच न्हाई, आन् तसं मी सासूला सांगायची बी. सासू म्हनायची, व्हय गं राणी, पर तव्यावरली भाकर जळायलीय ती बग. काय सांगू पोरी तुला, लय शानी व्हते मी, गाढवीन नुसती.

नामांतराचं वरीस व्हतं. विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं अशी खबर आली आन् गावानं आमच्यासंग बोलनं टाकलं, दुकानात मीठ देईनात. त्यातच वरल्या आळीत हगवन-वांती सुरू झाली, लेकरं मरायली, पाटलाचा नातू गेला. पाटील पारावर उभा राहून वरडला, यांनीच आपल्या हिरीत इख घातलं.

तालुक्याच्या दवाखान्यातून डॉक्टरीनबाई आल्या, तरन्या, जाड चष्म्याच्या. त्या म्हनल्या, बंद खोलीत मी काई ठरवनार न्हाई, गावाचा नकाशा पारासमोर काढू, ज्याच्या घरात दुखनं त्यानं आपल्या हातानं खडा ठिवायचा. रांगोळी कुनाला येती? माझा दीर नामदेव पदर वडायलाय, वैनी गप, वैनी गप, पर गप बसंल ती मी कशाची, केला हात वर. काढला गाव. वरली आळी, पाटलाची हीर, आमची हीर, आन् आमची छपरं काढली पाटलाच्या माडीयेवढी, वरून कोपऱ्याला मोर. डॉक्टरीनबाई म्हनल्या, अवो बाई, हितं काय लगीन हाय का? पाटील म्हनला, हिच्या हातचा नकाशा खोटा. बाई म्हनल्या, मग पुसा की, तुमच्या मानसानं काढा. त्यानं पायानं पुसलं, पुतन्याला बसवलं. माझा मोर गेला, छपरं बारकी झाली, पर खडे पडायचे तितंच पडले. जी घरं पाटलाच्या हिरीचं पानी पीत व्हती त्यांच्यावर खडेच खडे, आन् आमची घरं रिकामी.

मी खुळी हासले. टाळी बी वाजवली. म्हनलं, बगा, आमच्याकडं कुनीच आजारी न्हाई!

पाटील म्हनला, तेच तर. इख कुठं हाय ते यांनाच ठावं व्हतं, म्हनून यांचं कुनी मेलं न्हाई.

डॉक्टरीनबाई वरडायल्या, थांबा, हे अर्धंच हाय, हिरीचं उद्या दाखवते, थांबा. कोन थांबतंय. पयला धोंडा त्यांच्याच कपाळाला बसला. मग काठ्या, मग रॉकेल. सासूनं पेटत्या छपरातून शेळी सोडली, तिचे हात भाजले. नामदेव दारात आडवा झाला, त्याच्या डोक्यात कुऱ्हाड बसली. डोकं मी मांडीवर घेतलं, माझा पदर गरम व्हत गेला आन् नामदेव गार.

दुसऱ्या दिशी पोलिस आले, मागून कपाळाला पट्टी बांधून बाई आल्या. पाटलाच्या हिरीच्या वरच्या अंगाला त्याच्याच गोठ्याचा आन् मोरीचा खड्डा व्हता. बाईंनी समद्या गावासमोर त्यात हिरवा रंग वतला आन् पाटलाला म्हनल्या, बसा हितंच. सांजच्याला पाटलानं आपल्या हातानं बादली वर घेतली. पानी हिरवं. हीर बंद झाली.

मग वरल्या आळीच्या बाया घागरी घेऊन कुठं आल्या? आमच्या हिरीवर. आमच्या घरांचा आजून धूर निघत व्हता. मी रहाटाला मिठी मारून बसले, म्हनलं, मरू द्या तहानेनं. सासू म्हनली, बाजूला सर, त्यांच्या घरात लेकरं हायेत. भाजल्या हातानं तिला दोर धरवंना, मग मीच पानी वडलं, रडत वडलं, प्रत्येक घागरीला एक शिवी घालत वडलं. बायांनी खाली मान घालून शिवी बी नेली आन् पानी बी.

तू आता आरोग्य खात्यात लागायलीस, गावोगाव असंच मोजशील, मांडशील. चव्हाट्यावरच मांड पोरी, झाकून ठिवू नको. पर अर्धं मांडून घरी जाऊ नको, आन् ज्यांची घरं रिकामी निघतेत त्यांच्या दारात आदी पोलिस उभा कर. आमच्या बाईंनी रंग आदल्या दिशी वतला असता तर. जा, लेकराबाळाची हो, म्हातारी हो माझ्यासारखी. नामदेवाची तर आजून मिशी बी धड फुटली नव्हती.