थोराड

(१९३२चा वैशाख. अमरावतीचा बायकांचा दवाखाना. खाटेवर पंधरा वर्षांची वच्छला. शेजारी दर्यापूरकडची तिची आई माणिकबाई आणि डॉक्टर गोदावरीबाई.)

माणिकबाई : दोन महिने? बाई, मी ताकदीच्या औषधाची बाटली न्याले आली. पोरगी ठेवाले नाई आली.

डॉक्टर : बाटलीनं भागणार नाही. तिची नाडी मिनिटाला बेचाळीस आहे. बोटं लावून पाहा. बाहेर आग ओततेय आणि हिचे हात गार.

माणिकबाई : येत्या आईतवारी हिवरखेडचे लोक पाहाले येतात. चार पावलं चालवून पाह्यतील. उभी राह्यली का चक्कर येते हिले. तेवढी थांबवा, मंग आणतो परत.

डॉक्टर : घरी काय खाते?

माणिकबाई : वाढलं ते खाते.

डॉक्टर : तुमच्यासमोर?

माणिकबाई : तुमचं बोलणं गोड हाये बाई, पण सुईवानी टोचते. नाई खात. भाकर ओच्यात लपवते. परवा गव्हाणीत सापडल्या, चार दिवसांच्या. गावचा पुंजाराम म्हणे बाहेरचं हाये. लिंबू उतरवलं त्यानं. कोंबडं मागतलं, तेही देलं.

डॉक्टर : आणि पाळी?

माणिकबाई : पोरीसमोर कायले विचारता?

डॉक्टर : अंग तिचंच आहे.

माणिकबाई : आठ महिने झाले, नाई आली.

डॉक्टर : आठ महिने. आणि तुम्हाला भीती वाटली नाही?

माणिकबाई : खरं सांगू? बरं वाटलं.

डॉक्टर : बरं?

माणिकबाई : लहान दिसते म्हणून. तुमी शहरच्या, तुमाले नाई समजायचं. बारा वर्षांची होती तवा आकोटचं स्थळ जुळलं होतं. तेवढ्यात नवा कायदा आला. चौदाच्या आत लगीन लावलं का दंड. मंग थांबलो. सहा महिन्यांत पोरगी अशी वाढली का ते लोक म्हणे, ही तं थोराड हाये, नवरदेवाची मोठी बहीण दिसते. मोडलं.

वच्छला : सांग ना पुढचं.

माणिकबाई : तू पडून राय.

वच्छला : माय म्हणे, अर्धी भाकर. दूध बंद, तूप बंद, शेंगदाणे बंद. दादाले दुसऱ्यांदा वाढे अन् मले म्हणे, तू उठ.

माणिकबाई : समद्याच मायबाया करतात. माझ्या मायनं मलेही केलं, मी काय मेली? लगीन ठरलं का पोटभर देणारच होती. आता सहा महिने पाया पडून राह्यली हिच्या, खा वं बाई खा. तं नाई म्हणते. काहून नाई म्हणते, हे तरी विचारा.

डॉक्टर : वच्छला, सांगशील?

वच्छला : पहिले लई भूक लागे. चुलीपाशी बसलं का रडू ये. मंग मी पाणी पिऊन तिले दाबाले शिकली. दाबली का बरं वाटे. जिंकल्यावानी. त्या घरात तेवढंच माह्यं होतं. आता घास गिळला का वाटते, लगेच वाढली मी. समदे पाहून राह्यले.

डॉक्टर : आरशात कशी दिसतेस तुला?

वच्छला : थोराड.

माणिकबाई : ऐका. पाठीचे मणके मोजून घ्या, अन् म्हणते थोराड.

डॉक्टर : ती खोटं बोलत नाही. तिला तसंच दिसतं. हाच आजार आहे, माणिकबाई. भूक मेलेली नाही, ती दाबून ठेवलीय. दंडावर ही लव आलीय ना, अंगात ऊब राहिली नाही म्हणून. केस गळताहेत, पाळी थांबली. आता हृदयाची पाळी आहे.

माणिकबाई : मंग घरी नेतो. डिंकाचे लाडू कोंबतो, तूप पाजतो. हात धरून पाजीन, पण पाजीन.

डॉक्टर : तर आठ दिवसांत हातातून जाईल. इतकं उपाशी शरीर एकदम भरलं की हृदय दगा देतं. इथं दर दोन तासांनी अर्धी वाटी दूध, पाणी घालून. मग पेज, मग मऊ भात. बळजबरी नाही, शिव्या नाहीत, कौतुकही नाही. कुणीतरी शेजारी बसायचं, बस्स. अंग भरायला लागलं की ती आणखी भांडेल. तेव्हाही बसायचं.

माणिकबाई : अन् आईतवार?

डॉक्टर : ते तुम्ही ठरवा. त्या चार पावलांत ती पडली तर उठेल, असं मी सांगू शकत नाही.

माणिकबाई : हे गेलं तं दुसरं स्थळ नाई, बाई. दोन जागी मोडलेली पोरगी कोण करते?

वच्छला : मी चालतो, माय. चार पावलं चालतो.

माणिकबाई : तू चूप बस. बाई, तुमाले लिवता येते. हिच्या बापाले एक चिठ्ठी लिवा.

डॉक्टर : सांगा.

माणिकबाई : खुशालराव यांसी. हिवरखेडवाल्याईले येऊ नका म्हणा. वच्छी दवाखान्यात ठेवली.

डॉक्टर : कारण विचारतील ते.

माणिकबाई : लिवा, बाहेरचं काई नाई. मायनं उपाशी ठेवली.

वच्छला : माय, तसं नको सांगू लिवाले. बाबा तुले घरात घेणार नाईत.

माणिकबाई : नाई घेतलं तं इथं राहीन. दवाखान्यात भांडे घासाले बाई लागतच असन. लिवलं का?

डॉक्टर : लिहिलं. ही दुधाची वाटी घ्या. तिच्या हातात द्या, तोंडाला लावू नका.

माणिकबाई : हे तं गार झालं. थांब वच्छे, ऊन करून आणतो.

वच्छला : नको जाऊ. तू गेली का मी खिडकीतून सांडून देईन. इथंच बस.