गोष्टीतली बहीण

शिवणकाम करणाऱ्या काकू एक्स-रेच्या खोलीबाहेर नंबराची वाट बघत होत्या. शेजारी दोघी जावा बसल्या होत्या. थोरली परगावाहून नुकतीच थेट इथे आलेली.

“भावजींचा पाय कसा आहे गं?”

“हाड जुळतंय. पण जाऊबाई, वन्सं घरी यायला लागल्यात!”

“काय सांगतेस! तिचं नाव काढलं तरी भावजी भरल्या ताटावरून उठायचे.”

“पाय प्लॅस्टरात, बस चालवणं बंद. कंटाळून लेकीची कादंबरी हातात घेतली. त्यात एक मुलगी मनासारखं लग्न करते आणि भाऊ तिला दार बंद करतो. हे म्हणाले, ‘बरं केलं!’”

“म्हणणारच.”

“पण पुढचं सगळं तिच्या तोंडून आहे. बाळंतपणाच्या कळांत ती भावालाच हाक मारते. तिथे हे हुंदके द्यायला लागले. म्हणाले, ‘आपलीनंही मारली असेल का गं?’”

“अगं बाई!”

“तसेच कुबड्या घेऊन वन्संच्या दारात गेले.”

“आणि ती?”

“‘दादा, पायाला काय झालं?’ एवढंच म्हणाल्या.”

“जी पोर या जगात जन्मलीच नाही, तिच्यासाठी आपले भावजी रडले?”

“या डोळ्यांनी बघितलं मी.”

दार उघडलं. कुबड्या टेकत एक धिप्पाड माणूस बाहेर आला. थेट त्याच्याच नाकाची एक बाई त्याचा दंड धरून चालत होती.

“हळू, दादा.”

आतून काकूंचा नंबर पुकारला. काकू बघतच राहिल्या.